बारशाला बोलवायचं होतंस

ता. दारव्हा, जि. यवतमाळ
तान्हा पोळा, रात्री

प्रिय दोस्ता,

तुला मुलगी झाल्याचं परवा बाजारात तुझ्या चुलत भावाकडून कळलं. तीन महिन्यांची झाली म्हणे. मी "हो, माहीत आहे" म्हणालो आणि गाडी काढून घरी आलो. तू का सांगितलं नाहीस ते मला समजतं. आमचं दुखणं उकरलं जाऊ नये असं वाटलं असेल. राग नाही, पण फार वाईट वाटलं. फोनवर माझा आवाज जातो, म्हणून लिहितो आहे.

नागपूरला मूल होण्यासाठी उपचार घेतले, त्यांचं काय झालं ते तुला पुरतं माहीत नाही. "जमलं नाही" एवढाच मेसेज मी केला होता.

दोष माझ्याकडे होता. शुक्राणू फार कमी, म्हणून इक्सी करावी लागली. म्हणजे एकेक शुक्राणू सुईनं बीजात सोडायचा. पण सुया टोचल्या त्या सगळ्या तुझ्या वहिनीला. पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून दहा-अकरा दिवस रोज पोटात. इंजेक्शनं थंड ठेवावी लागतात आणि आपल्याकडची लाइन तुला ठाऊक आहे. लाइन गेली की मी थर्मासात बर्फ भरून बसायचो. शेवटचं इंजेक्शन रात्री बरोबर साडेदहाला दिलं, कारण त्यानंतर ३६ तासांनी बीजं काढायची होती. माझा हात थरथरत होता, तिचा नाही.

नऊ बीजं निघाली. पाचव्या दिवसापर्यंत दोनच गर्भ टिकले. एक तिच्या गर्भाशयात ठेवला, दुसरा गोठवला. गुरांच्या डॉक्टरकडे ती धूर निघणारी टाकी असायची ना, जिच्याभोवती आपण लहानपणी गर्दी करायचो? तसल्याच द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर. चार महिने ती टाकी माझ्या डोक्यातून गेली नाही. रात्री जाग आली की वाटायचं, तिथं ते एकटं आहे.

पहिला नोव्हेंबरात गेला. मार्चमध्ये दुसरा ठेवला आणि चौदाव्या दिवशी बीटा एचसीजीचा, म्हणजे दिवस राहिले का ते सांगणाऱ्या रक्ततपासणीचा, आकडा आला ४६. डॉक्टर म्हणाल्या, दोन दिवसांनी परत रक्त द्या, आकडा दुप्पट व्हायला हवा.

गड्या, ते दोन दिवस! पळस फुलला होता. मी तिला बादली उचलू दिली नाही. संध्याकाळी आम्ही वावरात गेलो, धुऱ्यावर बसलो. ती म्हणाली, "आपल्या झेडपीच्या शाळेत टाकू की दारव्ह्याले?" मी म्हटलं, झेडपीच्याच, आपण जिथं शिकलो तिथंच. असं बोलू नये, इतक्या लवकर बोलू नये, हे दोघांनाही कळत होतं. तरी अंधार पडेपर्यंत आम्ही तेच बोलत होतो.

दुसऱ्या वेळी आकडा १९ आला. फोन आला तेव्हा आम्ही नागपूरच्या बसस्टँडवर होतो. गोळ्या, इंजेक्शनं बंद करा म्हणाल्या. यवतमाळच्या गाडीत आम्ही बाजूबाजूला बसलो आणि घरापर्यंत एक शब्द बोललो नाही.

रिपोर्टवर 'बायोकेमिकल प्रेग्नन्सी' लिहिलं आहे. सोनोग्राफीत दिसण्याआधीच संपलेली. त्याची माती नाही, तेरवी नाही. कोणी भेटायला येऊन ओसरीवर बसलं नाही. दुसऱ्या दिवशी हरभरा सोंगायला बाया सांगितल्या होत्या. ती त्यांच्याबरोबर विळा घेऊन गेली. मी मोटर चालू करून विहिरीवर रडलो. ती कुठं रडली ते मला अजून माहीत नाही.

आता जे लिहितो ते कोणालाच सांगितलेलं नाही. तीन वर्षं माय तिलाच बोलत होती. उपास धरायला लावले, कुठल्या कुठल्या देवस्थानी नेलं. गावातल्या बायांनी डोहाळेजेवणाला बोलावणं बंद केलं. आणि मी समोर बसून जेवत होतो. रिपोर्ट माझा होता आणि मी तोंड उघडलं नाही. तिनंही एकदासुद्धा माझं नाव घेतलं नाही. उपचार फसले त्याहून ही गोष्ट मला जास्त जाळते. एप्रिलमध्ये मी मायला सांगून टाकलं. माय खूप वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्या पोरीले मी काय काय बोलली रे." दुसऱ्या दिवशी तिला पुढ्यात बसवून डोक्याला तेल लावून दिलं.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ साली सांगितलं की सहांतल्या एकाला आयुष्यात कधीतरी वंध्यत्व भोगावं लागतं. मग आपल्या गल्लीत आम्हीच एकटे कसे? बाकीचेही माझ्यासारखेच तोंड मिटून जेवत असणार.

आता आम्ही थांबलो आहोत. पैसा संपला, आणि तिच्या अंगात पुन्हा त्या सुया घ्यायचं बळ नाही. म्हणून नवीन डॉक्टरचा पत्ता पाठवू नकोस. दत्तकाचंही आत्ता काढू नकोस, ते आमचं आम्हाला बोलू दे.

आज तान्हा पोळा. गेल्या वर्षी पोरं यायच्या आधीच ती माहेरी निघून गेली होती. यंदा दारात उभी राहिली. लाकडी बैल घेऊन आलेल्या एकेका पोराला दहा-दहा रुपये बोजारा दिला, बैलांना कुंकू लावलं. शेवटचं पोरगं गेल्यावर मी तिला तुझ्या मुलीचं सांगितलं. तिनं हातातलं तबक खाली ठेवलं. म्हणाली, "भाऊजीनं बारशाले बोलावलं असतं तर मी रडली असती. पण गेली असती."

दिवाळीला तिघं या. ती रडली तर रडू दे, पोरीला तिच्या मांडीवरून उचलू नकोस. माझ्याजवळ नुसता बस.

जुन्या लुगड्याचं दुपटं शिवायला तिनं आत्ताच काढलं आहे. पोरीचं नाव काय ठेवलं? तुझ्या भावाला विचारायचं राहून गेलं. कोपऱ्यात घालायचं म्हणते.

तुझा,
वावराशेजारचा