दुखऱ्या मांड्यांचा दोष लॅक्टिक आम्लाला नको

रविवारच्या पुरवणीतील धावण्याच्या सरावावरील लेख उपयुक्त आहे. मात्र 'दुसऱ्या दिवशी पाय दुखतात ते साचलेल्या लॅक्टिक आम्लामुळे' हे त्यातील विधान खटकले. व्यायामाने रक्तात वाढलेले लॅक्टेट (शरीरात लॅक्टिक आम्ल याच रूपात असते) विश्रांतीनंतर साधारण तासाभरात पूर्वपदावर येते. दुखणे मात्र २४ ते ७२ तासांत शिगेला पोहोचते. मग जे उरलेलेच नाही, ते दुखवणार कसे?

उताराचे उदाहरण घ्या. त्याच वेगाने चढावर धावताना धाप जास्त लागते, लॅक्टेटही जास्त तयार होते. तरी दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या कुरकुरतात त्या उतारावरच्या धावेनंतर. उतरताना स्नायू ताणला जात असतानाच जोर लावून शरीर सावरत असतो. त्यात तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि दाह सुरू होतो. सवय नसलेल्याला हा त्रास अधिक. सरावाने तो झपाट्याने कमी होतो.

बिचारे लॅक्टेट तर इंधन आहे, हृदयाचे स्नायूही ते वापरतात. 'आम्लाचा निचरा' करून देणाऱ्या मालिशीच्या जाहिराती याच गैरसमजावर चालतात. पुरवणीने तरी त्याला खतपाणी घालू नये.

– एक नियमित वाचक