श्रवण-बैठक : गाणं पाठवण्याआधी वाचा

बैठकीत एकत्र ऐकून चर्चा करण्यासाठी प्रत्येकाने एकच गाणं पाठवावं, तेही दुसऱ्या कलाकाराचं. आपण स्वतः ज्यात गायलो-वाजवलं आहे, ते नको. गायक, संगीतकार, गीतकार आणि संगीत संयोजक (कोणतं वाद्य कुठे, कसं वाजेल ते ठरवणारा), चौघांची नावं हवीत. संयोजकाचं नाव हमखास राहून जातं, आणि आपल्याला भावलेली जागा बरेचदा त्याचीच असते. ती जागा नेमकी लिहा : ‘२:१४, अंतऱ्याआधी बासरी थांबते, फक्त बेस उरतो.’ नुसतं ‘मस्त आहे’ यावर चर्चा पुढे सरकत नाही.

फाइल वॅव्ह (WAV, तपशील न गाळता साठवलेली) किंवा ३२० केबीपीएस (सेकंदाला किलोबिट; आकडा मोठा तितका तपशील जास्त) एमपी३. १२८ची फाइल ३२०मध्ये बदलू नका; गेलेला तपशील परत येत नाही, फाइल तेवढी फुगते. आवाजाची पातळी इथे जुळवून घेऊ, कारण २ डेसिबलने मोठं वाजणारं गाणं उगाचच सरस वाटतं.