डबा आजारी, दोष इंजिनाचा

महोदय,

छोट्या गाडीचं पिकअप कमी झालं की ‘कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुराच्या नळीतला, विषारी वायू कमी करणारा डबा) काढून टाका, सरळ पाइप बसवा’ हा सल्ला सर्रास मिळतो. मलाही मिळाला. चढावर गाडी दम टाकत होती, इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकत होता. दोष निघाला एका स्पार्क प्लगमध्ये! त्यापायी न जळलेलं पेट्रोल थेट कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटत होतं. हे असंच चालू राहिलं तर आतली सिरॅमिकची जाळी वितळते आणि धुराची वाटच बुजते. पाप इंजिनाचं, शिक्षा मात्र डब्याला.

मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम यांचा पातळ थर असतो. चोरांचा डोळा असतो तो त्यावरच. पेट्रोल गाडीत कार्बन मोनॉक्साइड, उरलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांचं रूपांतर तो कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि नायट्रोजनमध्ये करतो. पण साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअस तापल्याशिवाय तो कामालाच लागत नाही. म्हणूनच हल्ली कन्व्हर्टर इंजिनाला खेटून बसवतात. दोन मिनिटांच्या कामासाठी गाडी काढणाऱ्यांचं (मीही त्यातलाच) काम बहुधा तो पुरता तापण्याआधीच उरकलेलं असतं.

कन्व्हर्टर काढायचा सल्ला देणाऱ्या मेकॅनिकना एवढीच विनंती : पाना उचलण्याआधी प्लग, इग्निशन कॉइल आणि ऑक्सिजन सेन्सर तेवढा तपासा.

— एक वाहनधारक