माची पेठेतल्या बोळातून

मित्रा,

तू म्हणालास, हल्ली वॉटरकलर करायला बसतोस त्या जागेचा फोटो पाठव, पण फोटोत ती जागा येतच नाही रे, म्हणून सरळ लिहायलाच बसलोय. लांबेल, चहा घेऊन वाच.

साताऱ्यातली माची पेठ आठवते ना, अजिंक्यतारा किल्ल्याच्या अगदी पायथ्याला, सगळे चढाचे रस्ते. तिथे एक बोळ आहे, टू व्हीलर जेमतेम जाईल एवढा, आत वळलं की एकदम एका जुन्या वाड्याची मागची बाजू लागते. खाली काळ्या घडीव दगडाचं जोतं, वर विटांची भिंत, सागवानी चौकट, मंगलोरी कौलं आणि कोपऱ्यात एक आड. साताऱ्यात आलेला माणूस राजवाडा बघतो, चारभिंती बघतो आणि कासला पळतो, इकडे कोणी फिरकत नाही.

खरी गंमत उजेडाची आहे. किल्ला दक्षिणेला आणि गाव त्याच्या उत्तर उतारावर, आणि ही भिंत नेमकी उत्तरेला तोंड करून उभी, म्हणजे दसऱ्यानंतर थंडीभर तिच्यावर थेट ऊन येतच नाही. एरवी ऑन द स्पॉट चित्राला बसलं की तासा-दोन तासांत सावल्या सरकतात आणि आपली धावपळ होते, इथे तसं नाही, निवांत बसायचं. स्टुडिओला आपण उत्तरेची खिडकी शोधत बसतो ना, तो उजेड इथे उघड्यावर फुकट मिळतो! त्यात समोरच्या कौलांवरचं ऊन उडून भिंतीवर येतं, त्यामुळे सावलीतही एक केशरी झाक असते, मोबाइलच्या कॅमेऱ्यात ती अजिबात दिसत नाही, तिथे सगळं नुसतं काळं येतं.

आणि तो दगड काळा नाहीच मुळी. बसाल्टात लोखंड असतं, त्यामुळे झिजलेल्या कडा तांबूस झाल्यात, सांध्यांतून चुना ओघळलाय, पावसाळ्यातलं शेवाळ वाळून तपकिरी पडलंय. काळी ट्यूब मी उघडलीच नाही, नुसता अल्ट्रामरिन निळा आणि तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना. अल्ट्रामरिनचे कण खरखरीत कागदाच्या खळग्यांत जाऊन बसतात, आणि वाळल्यावर जो रवाळ करडा रंग उरतो तो अगदी आपल्या सह्याद्रीच्या दगडाचाच. फक्त वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा थर, वाळला की फिका पडतो, म्हणून सुरुवातीलाच धीटपणे गडद मारायचा, हे तुला मी काय सांगणार म्हणा.

वाड्यातल्या एक आज्जी बाहेर आल्या, मागं उभ्या राहून बराच वेळ बघत होत्या, मग म्हणाल्या, "चौकट लई कोरडी काढलीस बाळा, दिवाळीला तेल लावायचो आम्ही तिला." परत नीट बघितलं तर खरंच, जिथे हात लागतो तिथे लाकूड अजून तुकतुकीत आहे. मग तेवढ्याच जागी उबदार रंगाचा एक ग्लेझ, म्हणजे पातळ पारदर्शक थर, दिला आणि चौकट उभी राहिली बघ. इतकं नेमकं कोणी सांगितलं नव्हतं कधी.

शेजारचा वाडा पाडला, तिथे आता पार्किंगवाली बिल्डिंग आहे. घरच्यांना मी नावं ठेवत नाही, हिस्सेदार डझनभर, कौलं फिरवायला माणूस मिळत नाही, राहणाऱ्यालाच ते कळतं. पण निदान रंगवून तरी ठेवूया ना यार! आपल्या जिल्ह्यात औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रं काढायचे, 1938 साली संग्रहालय उभं केलं त्यांनी, रविवर्म्याची, धुरंधरांची ओरिजिनल चित्रं आहेत तिथे, ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूरचं दगडी शिल्पसुद्धा आहे, आणि आपण पोरं इंटरनेटवरनं युरोपातल्या गल्ल्या कॉपी करत बसतो. मला हे फार लागतं.

तू ब्रश खाली ठेवलास त्याला बरेच दिवस झाले, नोकरी, ट्रॅफिक, सगळं मान्य, पण तुझ्यासारखा सावलीचा वॉश आपल्या ग्रुपमध्ये कोणालाच जमायचा नाही, हे मनापासून सांगतोय. दिवाळी झाली की ये. स्वारगेटवरून सकाळची एसटी पकड, तुझा तो मोठा फ्लॅट ब्रश तेवढा आण, जाड कागदाचा, 300 जीएसएमचा पॅड माझ्याकडे आहे. शनिवारी बोळात बसू, रविवारी तिथे पोरांचं क्रिकेट असतं, त्यामुळे त्या दिवशी औंधला जाऊ, तास-सव्वा तास लागतो. आज्जींना तू येणार म्हणून सांगून ठेवलंय, तर आता कॅन्सल करू नकोस.

तुझाच