एम.ए. तत्त्वज्ञान: टिपांपुरते की ग्रंथांपर्यंत?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पदव्युत्तर प्रवेशांचे दिवस आले की कला शाखेचे पदवीधर आणि त्यांचे पालक ज्या विषयांची चौकशी करतात, त्यांत तत्त्वज्ञानाचा क्रमांक फार खाली असतो. जे थोडे विद्यार्थी या विषयाकडे वळतात त्यांतीलही अनेकांनी तो लोकसेवा आयोगाच्या परीक्षेवर नजर ठेवून निवडलेला असतो. त्यात मला काही गैर वाटत नाही. केंद्रीय आयोगाच्या मुख्य परीक्षेत तत्त्वज्ञान हा ५०० गुणांचा वैकल्पिक विषय म्हणून घेता येतो आणि २०१३ पासून नीतिशास्त्राची २५० गुणांची प्रश्नपत्रिका तर सर्वांनाच सोडवावी लागते. पोटापाण्याचा विचार विद्यार्थ्यांनी करायचा नाही तर कोणी करायचा? माझी तक्रार वेगळी आहे. परीक्षेच्या हिशेबाने विषय उरकण्याची सवय एम.ए.ची दोन्ही वर्षे खाऊन टाकते आणि मूळ ग्रंथ एकदाही न उघडता विद्यार्थी या विषयाचे द्विपदवीधर होतात.

मी अनेक वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवले. सत्यता-कोष्टके (विधाने केव्हा सत्य व केव्हा असत्य ठरतात हे दाखवणारे तक्ते) मांडता मांडता ज्यांना या विषयाची गोडी लागली, असे काही जुने विद्यार्थी आज कोणी नियमित, कोणी दूरशिक्षणाने एम.ए. करतात आणि शंका घेऊन घरी येतात. त्यांच्या वह्यांत ‘शंकराचार्यांचा मायावाद स्पष्ट करा’ या प्रश्नाचे साचेबंद उत्तर असते: प्रस्तावना, तीन सत्ता (अस्तित्वाचे तीन स्तर), दोरीवर साप भासण्याचा म्हणजे रज्जुसर्पाचा दृष्टान्त, रामानुजांचे आक्षेप, समारोप. एवढ्यावर गुण मिळतात. परंतु शंकराचार्यांच्याच ब्रह्मसूत्रभाष्याच्या आरंभीचे अध्यासावरील, म्हणजे एका वस्तूवर दुसरीचा चुकीने आरोप करण्यावरील, विवेचन, जे अवघ्या काही पानांचे आहे, त्यांतील एकानेही वाचलेले नसते.

ती पाने सावकाश वाचून पाहावीत. विषय (जे जाणले जाते ते) आणि विषयी (जाणणारा आत्मा) हे अंधार व प्रकाशाइतके परस्परविरुद्ध असल्याने एकाचा दुसऱ्यावर आरोप होणेच शक्य नाही, हा आक्षेप आचार्य स्वतःच आधी मांडतात आणि तो पुरेशा ताकदीने मांडल्यावर, तरीही लोक ‘हा मी’, ‘हे माझे’ असा व्यवहार करतातच, याकडे लक्ष वेधतात. शिंपल्यावर रुपे भासते, एकच चंद्र दोन असल्यासारखा दिसतो, असे दाखले येतात. चौकस वाचकाला येथे अडखळल्यासारखे होते, कारण शिंपला डोळ्यांसमोर असतो, पण आत्मा तर कधीच विषय होऊन समोर येत नाही. मग त्याच्यावर आरोप होणार कसा? हीही शंका भाष्यात उपस्थित झालेली आहे. आत्मा सर्वस्वी अविषय नाही, ‘मी’ या प्रत्ययात तो भासतोच, असे एक उत्तर आचार्य देतात; शिवाय, समोर असलेल्याच वस्तूवर आरोप व्हावा असा नियम नाही, आकाश प्रत्यक्ष नसूनही अजाण लोक त्याच्यावर तळ आणि मळकटपणा लादतात, असेही सांगतात. ही उत्तरे पुरेशी आहेत का? माझ्या मते दुसरे उत्तर लंगडे आहे. माझी एक विद्यार्थिनी तसे मानत नाही आणि तिच्या युक्तिवादाला मला अजून नीट उत्तर देता आलेले नाही. एम.ए.च्या वर्गात व्हायला हवे ते हे काम, आणि साचेबंद उत्तरात नेमकी यालाच जागा नसते.

आता जागा मिळण्याची एक संधी आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यात दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची जी रचना झाली, तीत एकूण ८८ श्रेयांकांपैकी (क्रेडिट्सपैकी) १० श्रेयांक तिसऱ्या व चौथ्या सत्रांतील संशोधन प्रकल्पासाठी राखलेले आहेत. हे प्रकल्प ‘अमुक विचारवंताचे शैक्षणिक विचार’ अशा ठरावीक विषयांवर इकडचे-तिकडचे उतारे जोडून उरकले जाणार असतील तर ते नसलेलेच बरे. सोलापूरच्या विद्यार्थ्याला तर विषय शोधायला लांब जाण्याचेही कारण नाही.

येथील जैन संस्कृति संरक्षक संघाच्या जीवराज जैन ग्रंथमालेने अनेक दशके प्राकृत व संस्कृत ग्रंथांच्या चिकित्सक आवृत्त्या काढल्या. कृष्णकांत हांडिकी यांचा सोमदेवाच्या ‘यशस्तिलक’ या संस्कृत जैन काव्यग्रंथावरील विख्यात इंग्रजी ग्रंथ १९४९ मध्ये याच मालेत निघाला आणि भावसेन त्रैविद्याचा ‘विश्वतत्त्वप्रकाश’ हा वादग्रंथही याच मालेतला. सप्तभंगीचे, म्हणजे कोणत्याही वस्तूविषयी सापेक्षतेने करता येणाऱ्या विधानांच्या जैन मांडणीचे, सात प्रकार (भंग) आमचे विद्यार्थी घडाघड म्हणतात. घट स्वतःच्या द्रव्य, क्षेत्र, काळ व भाव यांच्या अपेक्षेने आहे आणि परद्रव्यादींच्या अपेक्षेने नाही, यात विरोध का नाही, हेही बहुतेकांना सांगता येते. परंतु ‘अवक्तव्य’ (शब्दांत सांगता न येणारे) या भंगापाशी सगळे थबकतात. सत्य आणि असत्य अशी दोनच सत्यतामूल्ये मानणाऱ्या कोष्टकात हा भंग बसवता येतो, की येथे तिसरे मूल्य मानावे लागते? अकरावीचे तर्कशास्त्र ज्याने मन लावून केले आहे, त्याला या प्रश्नावर चौथे सत्र सहज खर्ची घालता येईल.

सोलापूरचे ग्रामदैवत मानले जाणारे शिवयोगी सिद्धरामेश्वर यांची गोष्टही अशीच. यात्रा आणि अडुसष्ट लिंगे आपल्याला ठाऊक आहेत, पण ‘शून्यसंपादने’ या वीरशैव शरणांच्या संवादांच्या कन्नड ग्रंथात शरण अल्लमप्रभू सोन्नलिगेला (म्हणजे जुन्या सोलापूरला) येऊन तळी-देवळे उभारण्यात गढलेल्या सिद्धरामाला जे प्रश्न विचारतात, तो लोकोपयोगी कर्मही बंधनकारक ठरते का, यावरचा खडा वाद आहे. घरी कन्नड आणि शाळेत मराठी, असे वाढलेले विद्यार्थी या शहरात कमी नाहीत. शरणांची ही कन्नड वचने मुळातून वाचून त्यांवर मराठीत लिहिणे इतर जिल्ह्यांतील विद्यार्थ्यांपेक्षा त्यांना कितीतरी सोपे जाईल. हा लाभ कोणी जमेस धरलेला मला तरी दिसलेला नाही. अलाहाबाद विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवून पुढे तेथेच कुलगुरू झालेले गुरुदेव रानडे ज्या निंबाळला राहिले, ते गावही सोलापूर-विजयपूर रेल्वेमार्गावरच आहे, हे जाता जाता नमूद करते.

मराठीत परिभाषा नाही, ही सबब मात्र कोणी पुढे करू नये. दे. द. वाडेकर यांनी संपादित केलेला तीन खंडांचा ‘मराठी तत्त्वज्ञान महाकोश’ १९७४ मध्येच प्रसिद्ध झाला. माझ्या माहितीतील एका ग्रंथालयात तो कुलूपबंद कपाटात असून, तो पाहण्यासाठी विद्यार्थ्यांना आधी लेखी अर्ज करावा लागतो. अर्ज करून कोश पाहण्यापेक्षा झेरॉक्सच्या दुकानातून टिपा घेणे त्यांना सोयीचे वाटले तर दोष त्यांना देता येत नाही.

अभ्यास मंडळांनी प्रत्येक सत्रात निदान एक अभ्यासपत्रिका एकाच मूळ ग्रंथासाठी ठेवावी, त्या पत्रिकेत ग्रंथातील उतारा छापून त्यातील युक्तिवाद तपासण्यास सांगणारे प्रश्न विचारावेत आणि पुढील तुकडीचे प्रकल्प-विषय ठरवताना वर उल्लेखिलेल्या स्थानिक सामग्रीचा विचार व्हावा, अशी विनंती आपल्या दैनिकामार्फत करीत आहे.

तर्कशास्त्राची एक निवृत्त अध्यापिका,
सोलापूर