अश्वगंधेच्या वेष्टनावर इशारा हवा

संपादक महोदय,

ताण कमी व्हावा, झोप लागावी म्हणून डॉक्टरांच्या चिठ्ठीविना अश्वगंधेच्या गोळ्या मागणाऱ्यांची संख्या करोनाकाळापासून माझ्या औषधांच्या दुकानात सतत वाढते आहे. माझा आक्षेप या वनस्पतीला नाही. चरकसंहितेने बल्य (बळ देणाऱ्या) आणि बृंहणीय (शरीर पुष्ट करणाऱ्या) औषधींच्या गणांत मोजलेली ही मुळी, आपल्याकडे आस्कंद म्हणूनही ओळखली जाणारी, निरुपयोगी नक्कीच नाही.

मन धास्तावले की मेंदूतील हायपोथॅलॅमसकडून पिट्युटरी ग्रंथीला आणि तिच्याकडून मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींना संदेश जातो व कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक स्रवते. ही साखळी महिनोन्‌महिने शमलीच नाही, तर झोप, रक्तदाब, रक्तातील साखर असे सारेच बिघडू लागते. २०१२ मध्ये भारतात ६४ जणांवर झालेल्या एका चाचणीत, मुळीचा ३०० मिलिग्रॅम अर्क दिवसातून दोनदा ६० दिवस घेणाऱ्यांचे कॉर्टिसॉल सुमारे २८ टक्क्यांनी उतरले. हे आशादायक आहे. परंतु चौसष्ट माणसे आणि दोन महिने एवढ्या आधारावर वर्षानुवर्षे गोळ्या घेणे मला योग्य वाटत नाही.

कारण अश्वगंधेचा परिणाम कॉर्टिसॉलपुरता राहत नाही. तिच्यामुळे थायरॉइड संप्रेरकांचे प्रमाण वाढू शकते. थायरॉइडची गोळी आधीपासून घेणाऱ्या एका ताईंनी छातीत धडधड आणि हातांना कंप सुटल्याची तक्रार केली, तेव्हा चौकशीत कळले की त्या तीन महिने अश्वगंधाही घेत होत्या. त्रासाचे कारण तेच होते, असे मी ठामपणे म्हणणार नाही. पण त्या डबीवर थायरॉइडविषयी एक अक्षरही नव्हते. आइसलँड व अमेरिकेतून यकृताला इजा झाल्याची प्रकरणे नोंदली गेली आहेत, आणि डेन्मार्कने २०२३ मध्ये अश्वगंधेवर बंदीच घातली. तशी बंदी आपल्याकडे यावी, असे मला वाटत नाही.

वेष्टनावर मात्र अर्क मुळीचा की पानांचा, त्यात अश्वगंधेतील मुख्य सक्रिय घटक म्हणजे विथॅनोलाइड्‌स किती, आणि गरोदर स्त्रिया, थायरॉइडचे व यकृताचे रुग्ण यांनी वैद्यकीय सल्ल्याविना घेऊ नये, हे ठळक मराठीत छापणे बंधनकारक व्हावे. पानांचा वापर टाळावा, असे आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये उत्पादकांना सुचवले होते. मग मुळी की पान हे ग्राहकाला वाचता का येऊ नये? केंद्राने आणि राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने यात लक्ष घालावे, ही विनंती. तोवर डबी हातात देण्याआधी मी प्रत्येकाला दुसरी कोणती औषधे चालू आहेत, हे विचारतो. इतर दुकानदारांनीही विचारावे.

— एक औषधविक्रेता, सातारा