विमानाला पृथ्वी ढकलत नाही

महोदय,

आपल्या रविवारच्या मुलांच्या पानावर मुंबई-लंडन विमानप्रवासाची माहिती आली होती. अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर, जाताना साधारण दहा तास, येताना नऊ. इथवर ठीक. पण पुढे कारण दिलंय की पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून पूर्वेला येणाऱ्या विमानाला ती पुढे ढकलते. हे चूक आहे. माझ्या सहावीतल्या नातवाने तो मजकूर कापून भूगोलाच्या वहीत चिकटवलाय, म्हणून हे पत्र.

मी ३१ वर्षं भूगोल शिकवला. ही समजूत घेऊन दरवर्षी एखादं पोर यायचंच. त्याला मी विचारायचे, धावत्या एसटीत लिंबू वर उडवलंस तर ते मागच्या सीटवर पडतं का? हातातच येतं, कारण गाडीबरोबर लिंबूही पळत असतं आणि तूही. पृथ्वीचं तसंच आहे. मुंबईची जमीन ताशी सुमारे १,५८० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे जाते आणि वरची हवा तिच्यासोबत जाते. तशी ती जात नसती तर पावसाळ्यात उतरायची वाट बघत घिरट्या घालणाऱ्या विमानाखालून तासाभरात मुंबईच निसटली असती!

फरक पडतो तो वाऱ्यामुळे. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह, म्हणजे वेगवान वाऱ्यांचे पट्टे वाहतात, आणि लांबच्या पल्ल्याची विमानं त्याच उंचीवरून उडतात. विमान हवा कापतं ताशी ९०० किलोमीटरने. समोरून ८० चा वारा आला तर जमिनीच्या हिशेबात ८२० उरतात, पाठीमागून आला तर ९८० होतात. हे गणित सहावीच्या मुलाला सहज जमतं.

माझी मुलगी लंडनला असते. एकदा जानेवारीत आणि एकदा जूनमध्ये तिच्याकडून परतताना विमान सुटल्यापासून टेकेपर्यंतचा वेळ मी टिपून ठेवला होता. जानेवारीत ८ तास ५ मिनिटं, जूनमध्ये ८ तास ४० मिनिटं. दोन प्रवासांवरून सिद्धांत मांडता येत नाही हे मला कळतं, पण जेट प्रवाह हिवाळ्यात जोर धरतात हे सर्वमान्य आहे. पृथ्वी काही जानेवारीत भरभर आणि जूनमध्ये सावकाश फिरत नाही. पृथ्वीच्या फिरण्याचा संबंध आहे, पण आडून: विषुववृत्ताकडून ध्रुवांकडे निघालेली हवा त्यामुळे पूर्वेकडे वळते आणि हे वारे तयार होतात.

मुलांना उदाहरणच द्यायचं तर दिल्ली-सॅन फ्रान्सिस्कोचं द्या. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने हे विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. वाट सुमारे १३,९०० किलोमीटरवरून १५,३०० वर गेली आणि तरीही विमान आधीपेक्षा जवळपास दोन तास लवकर, साडेचौदा तासांत पोचलं. वारा पाठीशी होता. अंतर भागिले वेग एवढ्यावर हे कोडं सुटत नाही, आणि मुलांना अशीच कोडी आवडतात.

विनंती एवढीच, की दुरुस्ती छापाल ती मुलांच्या पानावरच छापा, आतल्या पानाच्या कोपऱ्यात नको. नातवाने वहीत त्या कात्रणाशेजारची अर्धी जागा रिकामी ठेवली आहे.

एक निवृत्त भूगोल शिक्षिका,
वाई, जि. सातारा